धामापूरचा तलाव

राजापुराहून दक्षिणेस, मालवण तालुक्यांत, काळसें व धामापूर या दोन गांवांच्या दरम्यान डोंगरांच्या कुशींत एक मोठा तलाव आहे. हा मुलूख 1981 पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यांतच मोडत असे. त्या वर्षीं तो नव्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांत गेला. तलाव निसर्गनिर्मित नाहीं. दोन टेकड्यांमधील जागा मातीच्या बांधानें अडवून तो केलेला आहे. बांध सुमारें 271 मीटर लांब व 11 मीटर उंच आहे. कांठीं श्रीभगवतीचें देऊळ आहे.

2020 सालीं आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगानें या तलावास वारसा-वास्तूंच्या यादींत घेतलें. त्याच वर्षीं आंध्रांतील पोरुमामिळ्ळ येथील तलावही त्या यादींत आला, हा योग लक्षांत घेण्याजोगा आहे. तेथें बुक्करायाचा पुत्र भास्कर याचा शके 1291 चा शिलालेख असून त्यांत उत्तम तलावाचीं बारा अंगें व सहा दोष सांगितले आहेत. घट्ट जमीन, गोडें पाणी, बांधास दोहों बाजूंनीं डोंगर व खालीं पिकाऊ जमीन हीं त्यांतील कांहीं अंगें. बांधाची गळती व दोन राज्यांच्या सीमेवरील जागा हे दोष. धामापूरची जागा निवडणाऱ्यानें हा लेख वाचला होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु कसब त्याच परंपरेचें दिसतें.

देवस्थानाच्या धाकामुळें भोंवतालची झाडी पुष्कळशी टिकली व तीमुळें पशुपक्षीही टिकले. धनेश पक्षी (कोंकणांत यास ककणेर म्हणतात) जुन्या झाडाच्या ढोलींतच घरटें करितो. मादी आंत बसून ढोलीचें तोंड लिंपून घेते व नर तिला बारीकशा फटींतून वड-उंबराचीं फळें भरवितो. म्हणजे जुनाट वृक्ष तुटला कीं त्याचा वंशच उठला. पाण्यावर पाणकावळे व खंड्या नित्य दिसतात. तलावाजवळ फुलांची परडी ठेवून दागिने मागावे व कार्यानंतर परत करावे, एकानें ते परत न केल्यानें देणें बंद झालें, ही कथा येथेंही सांगतात. ती महाराष्ट्रांत अनेक तळ्यांस चिकटलेली असल्यानें इतिहासास निरुपयोगी होय.

आतां मुख्य प्रश्न. विजयनगरचा मांडलिक नागेश देसाई यानें इ. स. 1530 मध्यें तलाव बांधिला असें सर्वत्र लिहितात. यांतील सन व ‘मांडलिक’ हा शब्द यांचा मेळ सहज बसत नाहीं. महमूद गावानानें 1472 त गोवें विजयनगराकडून घेतलें. पोर्तुगीजांनीं 1510 त तें घेतलें तें विजापूरकरांपासून. शिवाजी महाराजांनीं 1661 त राजापूर घेतलें तेंही आदिलशाहीकडूनच. मग 1530 त, गोव्याच्याही उत्तरेस, विजयनगरचा मांडलिक कोठून आला? एक तर तलाव साठ-सत्तर वर्षें अधिक जुना असावा. किंवा घराण्याचें वतन विजयनगरच्या अमलांतील असून, धनी पालटल्यावरही जुनी ओळख घराण्यांत चालत आली असावी. आम्हांस दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. राज्यें जात, देसाई जागच्या जागीं राहत.

निर्णय मूळ कागदावांचून व्हावयाचा नाहीं. देसायांच्या दप्तरांतील महजर, निवाडे व इनामपत्रें यांत घराण्याचा पूर्ववृत्तांत बहुधा येतोच. असे रुमाल ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं कालोल्लेखाची ओळ जशीच्या तशी उतरून घ्यावी. 1530 साल शुहूर गणनेनें मृगापूर्वीं ‘सलासीन तिसा मया’ व मृगानंतर ‘इहिदे सलासीन तिसा मया’ असें येईल. हिजरी सन शुहूर समजून वाचल्यास सहा-सात वर्षांचाच फरक पडतो. वरील साठ वर्षांचें अंतर त्यानें भरून निघत नाहीं.