सहा महिन्यांचे आजी-आजोबा

१९४६ च्या कायद्यान्वये अमेरिकेने हिंदुस्थानातून कायम वास्तव्यास येणाऱ्यांची संख्या वर्षाला अवघी शंभर मुक्रर केली होती. पुढे ३ ऑक्टोबर १९६५ रोजी, न्यूयॉर्कच्या बंदरातील स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी, अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर स्वाक्षरी करून देशवार कोट्याची ती जुनी पद्धत मोडीत काढली आणि डॉक्टर, अभियंते, शास्त्रज्ञ यांना त्या देशाचे दरवाजे उघडले. या कृत्याचा एक दूरचा परिणाम म्हणून सातारा, नाशिक, नागपूर येथील साठी उलटलेल्या स्त्रिया भाजणीच्या पिशव्या बांधून मुंबईच्या विमानतळावर रांगेत उभ्या राहतील, ही कल्पना त्या समारंभात कोणाच्या मनाला शिवली असेल असे वाटत नाही. शिकलेला मुलगा तिकडे गेला, त्याचे बिऱ्हाड तिकडे झाले, आणि बिऱ्हाडामागोमाग यथाकाल बाळंतपण आले.

नायगाऱ्यापुढे काढलेली छायाचित्रे आप्तेष्टांत फिरतात, त्यामुळे हा प्रवास केवळ सहलीचा असावा असा समज होतो; वस्तुतः त्याचे प्रयोजन बहुधा पाळण्याशी निगडित असते. अमेरिकेच्या १९९३ च्या कायद्याप्रमाणे ५० वा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेतील मातेला बारा आठवड्यांची रजा मागता येते, पण ती बिनपगारी. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी अशा काही राज्यांनी वेतनाची अंशतः तजवीज केली आहे, तथापि संघराज्याच्या पातळीवर खासगी नोकरीतील मातेला पगारी रजेचा हक्क नाही. आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांपुरती ही रजा सव्वीस आठवड्यांची, आणि तीही पगारी, झाली आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे एका अतिसंपन्न राष्ट्राच्या व्यवस्थेत राहिलेले छिद्र सांगली-साताऱ्याची आजी बुजवीत असते, असे म्हणण्यात अतिशयोक्ती उरत नाही. ती हे आनंदाने करते हे खरे. पण म्हणून ते काम नव्हे, असे मानण्याची आपली जुनी सवय मला मान्य नाही.

पूर्वी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येत असे. आता माहेरच मुदतीचा शिक्का घेऊन लेकीकडे जाते. पर्यटकाचा परवाना दहा वर्षांचा मिळू शकतो, परंतु प्रत्येक खेपेस किती दिवस राहावयाचे हे विमानतळावरील अधिकारी ठरवितो, आणि ती मुदत सामान्यतः सहा महिन्यांची असते. कुटुंबांनी आपले पंचांग या मुदतीवर बेतले आहे: आधी मुलीचे आईवडील, त्यांची मुदत सरत आली की मुलाचे, कधी कधी विहिणी-विहिणींची भेट चार दिवसांपुरतीच होते आणि त्यात बाळाच्या झोपेच्या वेळा, धुण्याच्या यंत्राची कळ व शेजाऱ्याच्या कुत्र्याचा स्वभाव यांचा चार्ज रीतसर दिला-घेतला जातो. तत्पूर्वी मुंबईच्या वकिलातीत मुलाखत व्हावी लागते. ही कचेरी २०११ पर्यंत ब्रीच कँडीला, वांकानेरच्या महाराजांच्या जुन्या प्रासादात होती. ती आता वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. तेथला कायदा असा, की प्रत्येक अर्जदार कायमचाच राहावयास निघाला आहे असे गृहीत धरावयाचे, आणि तसे नाही हे पटविण्याचा भार अर्जदारावर टाकावयाचा. सबब आजोबा पेन्शनचा हुकूम, घराचे खरेदीखत, सातबारा असे सगळे दफ्तर घेऊन जातात, आणि खिडकीपलीकडला तरुण अधिकारी कागदाला हात न लावता दोन-तीन प्रश्न विचारून निकाल देऊन टाकतो. ज्याने उभी हयात दुसऱ्यांना कागद आणावयास लावण्यात घालविली, अशा निवृत्त कारकुनाला याचे विशेष दुःख होते.

सामानाविषयी थोडे. गोडा मसाला, मेतकूट, डिंकाचे व हळिवाचे लाडू, बाळंतशोपा ही यादी ठरलेलीच. शिकागोच्या डेव्हन रस्त्यावर १९७४ साली पटेल बंधूंनी दुकान थाटल्यापासून यांतील पुष्कळसे तेथेही मिळू लागले, पण आजीला ते ऐकावयाचे नसते. ताजी फळे व मांस नेता येत नाही, आणि खाद्यपदार्थ जवळ असल्यास ते जकातीच्या अधिकाऱ्याला सांगावे लागतात. दुबई वा सिंगापूर येथे मुलगा असल्यास मात्र खसखस घरीच ठेवावी. तेथे ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते.

खरा संघर्ष पाळण्यापाशी उभा राहतो. बाळ कुशीत घेऊन निजावे हा आजीचा धर्म. तिकडचे बालरोगतज्ज्ञ १९९२ पासून सांगत आले आहेत, की तान्ह्या मुलास पोटावर निजवू नये, आणि आता तर उताणे, वेगळ्या बिछान्यात, उशी-दुपट्याविना निजवावे असा त्यांचा दंडक आहे, कारण झोपेत अकस्मात होणारे मृत्यू त्याने घटतात. मधाच्या बोटाचेही तसेच: मधातील एका जंतूचे बीज वर्षाच्या आतील बालकाच्या आतड्यात रुजून स्नायूंना विकल करणारे विष निर्माण करू शकते. या दोन्ही बाबतींत डॉक्टरांचेच खरे, आणि सुनेने ते सांगितल्यावर मानभंग समजण्याचे कारण नाही. तेल लावून अंग रगडण्याला मात्र सहसा कोणी हरकत घेत नाही, आणि त्या कलेत आजीची बरोबरी करणारा तेथे कोणी नाही.

आजीला निदान स्वयंपाकघर असते, आजोबांचे काय? ज्या उपनगरात पदपथच नाही, भाजी घ्यावयाची तरी मोटार हवी, आणि मोटार चालविणारी दोन्ही माणसे सकाळी निघून जातात, तेथे काल-परवापर्यंत सोसायटीचा हिशेब ठेवणारा मनुष्य एकाएकी निरुद्योगी होतो. न्यू जर्सीत दुपारचे चार वाजतात तेव्हा पुण्यात मध्यरात्र उलटलेली असते, म्हणजे फोन तरी कोणाला करावा? अशा वेळी तारणहार ठरते ते गावचे सार्वजनिक ग्रंथालय, जेथे विनामूल्य बसता येते आणि कोणी उठा म्हणत नाही. एडिसन किंवा फ्रीमाँटच्या बागांतून संध्याकाळी मराठी, तेलुगू, गुजराती वृद्धांचे कोंडाळे जमते. गुडघे, विमा (जुन्या व्याधींना प्रवासी विमा बहुधा हात वर करतो, आणि रुग्णालयाचे बिल छाती दडपणारे असते) आणि नोव्हेंबरातला हयातीचा दाखला हे तेथील नित्याचे विषय. या दाखल्यापायी पूर्वी अनेकांना परतीची तारीख बदलावी लागे वा वकिलातीत खेटे घालावे लागत. २०१४ साली आधारशी जोडलेली संगणकीय सोय झाली, पुढे फोनसमोर चेहरा धरून ओळख पटविता येऊ लागली, आणि जिवंत असल्याचे सिद्ध करण्याची ही धावपळ पुष्कळांपुरती मिटली.

मग तेथेच का राहू नये? एकवीस वर्षे पुरी झालेल्या अमेरिकन नागरिकाला आईवडिलांसाठी कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो, आणि त्याला वार्षिक कोट्याची आडकाठी नाही. कॅनडाने तर २०११ साली आजी-आजोबांसाठी खास ‘सुपर व्हिसा’ काढला, आणि २०२२ पासून त्यावर एका खेपेस पाच वर्षे राहता येते. तथापि ग्रीन कार्ड घेणाऱ्याने आपले मुख्य घर अमेरिकेत ठेवावे अशी अपेक्षा असते, वर्षाहून अधिक काळ बाहेर काढल्यास तो हक्क सोडला असे धरले जाऊ शकते, आणि आजोबांचे सारे अडते ते येथे. कोथरूडच्या घराची किल्ली, ओळखीचा डॉक्टर, भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालण्याचा अधिकार, कोणाला न विचारता रिक्षा थांबविण्याचे स्वातंत्र्य, हे सर्व मागे शाबूत आहे या भरवशावरच तर ते सहा महिने मोकळ्या मनाने देतात. त्यामुळे मुलाने अर्जाचे कागद पुढे केले, की ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणून आजोबा ते बाजूस सारतात आणि परतीचे तिकीट गणपतीपूर्वीचे मिळेल काय याची चौकशी करू लागतात.