घरचा पहारेकरी

मराठीच्या प्राध्यापकाने संगणकाच्या भानगडीत पडू नये, असे आमच्या सौ.चे जुने मत आहे. पण एका सहकाऱ्याला कुणा भामट्याने संगणकातून गंडा घातला आणि त्याच संध्याकाळी मी घरच्या यंत्रावर ‘फायरवॉल’ बसवली. फायरवॉल म्हणजे दारावरचा पहारेकरी. येणाऱ्याजाणाऱ्याला हटकावे आणि मालकाला विचारून सोडावे, हे त्याचे काम.

पहारेकरी विचारी, मी उत्तर देई. ‘एसव्हीसीहोस्ट बाहेर जाऊ मागतो, सोडू?’ असले नाव मी सात जन्मांत ऐकले नव्हते. ‘मुळीच नको!’ मी बजावले.

दुसऱ्या दिवशी रात्री दहाला कन्या रडकुंडीला आली. परगावच्या कॉलेजच्या प्रवेश-अर्जाची मुदत मध्यरात्री संपत होती. दाखले सारे त्या यंत्रात, आणि एकही पान उघडेना!

“अहो, काढून टाका तो मेला पहारेकरी!” इति सौ. मी उठलोही, पण कन्येने थांबवले.

“थांबा बाबा, आधी अडते कुठे ते पाहू.”

मोबाइलवर त्याच वाय-फायने पाने उघडत होती. म्हणजे लाइन शाबूत. मग तिने ‘पिंग’ नावाची हाक मारली. घरातल्या राउटरने ओ दिली. बाहेरच्या ८.८.८.८ या आकडी पत्त्यानेही दिली. मात्र नावाने हाक मारताच सारे चिडीचूप!

उलगडा झाला. नावावरून आकडी पत्ता सांगणारी ‘डीएनएस’ ही व्यवस्था १९८३ पासूनची. विंडोजमध्ये तो पत्ता विचारायला जाणारा निरोप्या एसव्हीसीहोस्टच्याच नावाने वावरतो आणि ५३ क्रमांकाच्या दाराने बाहेर पडतो. त्यालाच मी कोंडला होता!

रायगडाचे दरवाजे मिटले आणि घरी तान्हे बाळ असलेली हिरकणी गडावर अडकली, ही कथा मी वर्गात दरसाल रंगवून सांगतो. पहारेकऱ्यांचा दोष नव्हता. हुकूमच तसा होता. इथे हुकूम माझा होता.

कन्येने फायरवॉल काढली नाही. एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या ‘सिस्टीम ३२’ या मूळ फोल्डरातलाच आहे ना, याची आधी खात्री केली. कारण त्या नावाचे सोंग घेणारे भामटेही असतात. मग त्या एकालाच ५३ क्रमांकाचे दार मोकळे केले. अकरा चाळीसला अर्ज पोहोचला.

आता ती वसतिगृहात असते. पहारेकऱ्याने काही विचारले, की ‘नको’ म्हणण्यापूर्वी मी तिला फोन करतो. सौ. म्हणते, ते नुसते निमित्त आहे.

असेलही.