अस्थींचें भांडार

भंडारा जिल्हा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाच्या कुशल हातांनीं बांधलेले येथील जुने तलाव पावसाचें पाणी सांठवितात आणि पावसानें ओढ दिली कीं पाटानें तें धानाच्या बांध्यांस पोंचवितात. तलाव भरतो, त्यांतून उपसा होतो, पाळीची डागडुजी चालू राहते; म्हणूनच तो टिकतो. मनुष्याच्या अस्थींची व्यवस्था अशीच आहे. हाड म्हणजे घराचा वासा, एकदां बसविला कीं काम झालें, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः हाड जिवंत असून त्याचा जमाखर्च जन्मभर चालतो.

आपल्या पूर्वजांनींही अस्थींची गणना केली होती. चरकसंहितेंत ती ३६० आहे. सुश्रुतसंहितेंत शल्यतंत्राप्रमाणें ३०० असून कपाल, रुचक, तरुण, वलय व नलक असे पांच प्रकार सांगितले आहेत. आधुनिक शास्त्र प्रौढ मनुष्याच्या २०६ अस्थि मोजतें. हा फरक बराचसा मोजण्याच्या रीतीचा आहे. रुचक म्हणजे दांत व तरुण म्हणजे कूर्चा यांनाही प्राचीनांनीं अस्थींत धरलें आहे.

हाडाचा बाहेरील थर घट्ट, तर आंतील भाग जाळीदार असतो. त्यामुळें तें हलकें राहूनही भार पेलतें. आंतील मज्जेंत रक्ताच्या पेशी तयार होतात. हाडाच्या वजनाचे सुमारें दोन तृतीयांश खनिज क्षार असतात. उरलेल्या भागांत मुख्यतः कोलॅजनचे तंतू असतात. क्षारांनीं काठिण्य येतें, तंतूंनीं चिवटपणा.

येथें तीन प्रकारच्या पेशी राबतात. रचणाऱ्या पेशी तंतूंचा साचा विणून त्यांत क्षार बसवितात. कुरतडणाऱ्या पेशी जुना भाग विरघळवितात. रचणाऱ्यांपैकीं कांहीं आपल्याच बांधकामांत कोंडल्या जाऊन राखणदार बनतात. हाडावर ताण कोठें पडतो हें त्यांना कळतें. प्रौढाच्या सांगाड्याचा सुमारें दहावा हिस्सा दरवर्षीं असा नवा होतो.

देहांतील कॅल्शियमपैकीं शेंकडा ९९ भाग अस्थींत असतो. हृदयाच्या व स्नायूंच्या कामासाठीं रक्तांत तें अखंड लागतें. ताटांतून न मिळाल्यास शरीर तें हाडांतून बिनबोभाट काढून घेतें. तिशीच्या सुमारास हें भांडार पूर्ण भरतें, पुढें हळूहळू ओसरतें. स्त्रियांचा मासिक धर्म थांबल्यावर तर उपसा फार वाढतो. न्हाणीघरांत पाय घसरून आजीबाईंच्या खुब्याचें हाड मोडलें, कीं आपण ओल्या फरशीस दोष देतों. पण पुष्कळदां तलाव कित्येक वर्षें आधींच आटत आलेला असतो.

आपला मुलूख भाताचा; आणि शंभर ग्रॅम तांदुळांत कॅल्शियम जेमतेम दहा मिलिग्रॅम. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें २०२० सालीं प्रौढांस रोज १००० मिलिग्रॅम, अंगावर पाजणाऱ्या मातेस व ऋतुनिवृत्त स्त्रीस १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगितलें आहे. पेलाभर दुधांत तें सुमारें २४०, तर शंभर ग्रॅम नाचणींत ३५० च्या आसपास असतें. असें असतां मोठ्या कुटुंबांत दूध आधीं मुलांस व पुरुषांस मिळतें, सासूसुनांच्या वांट्यास पातेल्याचा तळ येतो! ज्यांना गरज अधिक, त्यांचीच पंगत शेवटीं, हा कोणता न्याय?

दूध, ताक, नाचणी, तीळ व पालेभाज्या सर्वांच्या ताटांत पडोत. कॅल्शियम अंगीं लागण्यास ड जीवनसत्त्व हवें, आणि तें त्वचेंत सूर्यप्रकाशानें तयार होतें. म्हणून घरांतील स्त्रियांस थोडा वेळ उन्हांत बसण्यास व फिरण्यास सवड द्यावी. चालण्याफिरण्यानें हाडांवर ताण पडून त्यांस बळकटी येते.

१९५१ सालीं मालगुजारी संपल्यावर जुन्या तलावांची देखभाल मागें पडली आणि कित्येकांत गाळ सांचला. घरांतील माउल्यांच्या अस्थींची तशी गत होऊं नये. उद्यां ताक झालें कीं पहिला पेला त्यांच्या हातीं द्यावा, एवढीच वाचकांस आमची विनंती आहे.