हिशेब कूलरपासून

कामठी रोडवरच्या गॅरेजात मी मिस्त्रींना विचारलं, राहण्या-फिरण्यासाठी करून घेत असलेल्या व्हॅनला बॅटरी किती मोठी लागेल? त्यांनी उलट मलाच विचारलं, “भाऊ, पहिले हे सांगा, कूलर लावाचा हाय का?”

भारनियमनाच्या वर्षांत घरोघरी इन्व्हर्टर बसवलेला हा माणूस. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि नवतपाच्या नऊ दिवसांत रात्रही निवत नाही. त्यामुळे त्यांचा हिशेब कूलरपासूनच सुरू होतो.

वही उघडली. साधा कूलर 150 वॅटचा. आठ तासांचे 1.2 युनिट. 12 व्होल्टची वीज इन्व्हर्टरमधून 230 करताना जे वाया जातं ते धरून 1.4. छोटा फ्रिज अर्ध्या युनिटहून थोडा जास्त, दिवे-मोबाइल-लॅपटॉप मिळून 0.2. एकूण सव्वादोनच्या आसपास. मग मिस्त्रींनी कूलरची ओळ खोडली आणि बॅटरीवर थेट चालणारा 12 व्होल्टचा, 60 वॅटचा कूलर लिहिला. बेरीज सव्वा युनिटावर आली. बॅटरी वाढवण्याआधी खर्च कमी करायचा, हे मला तिथे पटलं. इंडक्शनही त्याच झटक्यात गेलं, स्वयंपाक गॅसवरच.

घरच्या 150 अँपिअर-अवरच्या ट्यूब्युलर बॅटरीत कागदावर 1.8 युनिट असतात, पण ती टिकवायची तर निम्मीच वापरावी. शिवाय वजन पन्नास किलोच्या पुढे, आणि चार्ज होताना निघणारा वायू आपण झोपतो त्याच बंद जागेत. आम्ही 100 अँपिअर-अवरच्या दोन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या घेतल्या, मिळून 2.56 युनिट.

त्या कुठे ठेवायच्या, यावर मात्र पूर्ण दुपार गेली. हिमालयात जाणाऱ्याला या बॅटरीबाबत थंडीची काळजी, कारण शून्याखाली ती चार्ज करू नये. आपल्याकडे भीती उलटी. उन्हात उभ्या गाडीत हवा सहज साठीला पोचते, आणि उष्णता बॅटरीचं आयुष्य खाते. छताजवळचा कप्पा बाद. सायलेन्सरची बाजू बाद. शेवटी विरुद्ध बाजूला, पलंगाखाली, फरशीलगत, हवा खेळेल अशी जाळीची पेटी केली. छतावर 200 वॅटची दोन सोलर पॅनेल चार बोटं उंच बसवली. तापलं की पॅनेलची वीज घटते, म्हणून खालून वारा हवा. आणि त्यांची सावली छताला मिळते, हा फायदा मला विजेइतकाच मोठा वाटतो.

इन्व्हर्टर 1,000 वॅटचा, मिक्सर आणि लॅपटॉपपुरता. पूर्ण भाराला तो बॅटरीतून 90 अँपिअर ओढतो. म्हणून तांब्याची 25 चौरस मिलिमीटरची वायर, मीटरभरच लांब. फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर. “वायर जळाली त गाडी जाते भाऊ,” म्हणत मिस्त्रींनी प्रत्येक लग दाबून झाल्यावर हाताने ओढून पाहिला.

पहिला मुक्काम पेंचजवळ. जानेवारी 2024 मध्ये ते देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं. तिथे जनरेटर लावणं मला पाप वाटलं असतं. दिवे बंद केले. इन्व्हर्टरही बंद केला, कारण नुसता चालू राहिला तरी तो दहा-पंधरा वॅट खातो. कूलरचा पंखा तेवढा रात्रभर घुमत होता.

पहाटे पाचला मीटरवर 66 टक्के शिल्लक होते. कूलरची टाकी मात्र तळाला गेली होती. वहीचं पुढचं पान मग पाण्यासाठी घेतलं.