काचेवरचा डाग आणि शेजारची घागर

गोव्यातील जुनी घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना तिथल्या शिंपल्यांच्या खिडक्या आठवत असतील. तिसवाडी, बारदेश, साष्टी या भागांत लाकडी चौकटींतून काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवीत. त्यांतून दुधाळ, सौम्य उजेड घरात येई. धुळीचा कण वा पाण्याचा ओघळ त्यांच्यावर डोळ्यांत भरत नसे. पुढे काच आली, घरात लख्ख प्रकाश आला आणि त्याच्याबरोबर डागही आला. कारण डाग दिसण्यासाठी आधी पृष्ठभाग आरपार असावा लागतो.

उत्तर गोव्यातील पेडणे आणि डिचोली हे तालुके आजवर भाताची शेते, माडांच्या बागा आणि देवळांचे उत्सव यांसाठी परिचित. आता तेथेही काचेचे राज्य सुरू झाले आहे. मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी झाले आणि 5 जानेवारी 2023 पासून तेथून विमाने उडू लागली. हरमल, मांद्रे, मोरजी या किनारी गावांत पाहुण्यांसाठी मोठमोठ्या काचा लावलेल्या इमारती उभ्या राहिल्या. समुद्रावरचा वारा काचेवर मिठाची साय चढवतो. डिचोलीकडे तऱ्हा वेगळी. हा लोहखनिजाचा मुलूख. 2012 साली खाणी थांबल्या, मध्यंतरी काही सुरू झाल्या, 2018 साली पुन्हा बंद पडल्या आणि लिलावानंतर 2024 मध्ये डिचोलीत उत्खननास पुन्हा प्रारंभ झाला. तिथली तांबडी धूळ खिडकीवर बसली की फडक्याने निघत नाही, उलट काचेवर ओरखडे मात्र उमटतात.

काच धुण्याचा व्यवसाय या भागात शिरला तो या वाटेने. गेल्या फाल्गुनात आम्ही पेडण्याकडे एका स्नेह्यांच्या घरी उतरलो होतो. त्यांच्या शेजारचा एक तरुण हाच धंदा करतो. पूर्वी बांबूची शिडी, बादली आणि साबण एवढ्या भांडवलावर हे काम चाले आणि तिसऱ्या मजल्यावर चढलेल्या माणसाच्या घरचे लोक संध्याकाळपर्यंत जीव मुठीत धरून बसत. आता त्याच्या छोट्या टेंपोत पाण्याची टाकी, बॅटरीवर चालणारा पंप, लांब नळी आणि टोकाला ब्रश असलेली हलकी, एकात एक सरकणारी काठी असते. माणूस जमिनीवर उभा राहतो, पाणी काठीतून वर चढते, ब्रश मळ सोडवतो आणि तेच पाणी काच खळाळून टाकते. फडके लागत नाही, पुसणे नाही. काच आपोआप वाळते.

गोम आहे ती या ‘आपोआप वाळण्या’त. नळाचे पाणी पिण्यास उत्तम असले तरी त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका यांसारखे पदार्थ विरघळलेले असतात. पाणी उडून जाते. ते मात्र जागीच राहतात आणि पांढरा ठिपका उमटतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचे प्रमाण लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंत असणे इष्ट मानले आहे. काचेचा हट्ट याहून कितीतरी मोठा. लिटरमागे दहा मिलिग्रॅमच्या खाली आले तरच ती निष्कलंक वाळते, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. माणसाच्या घशाहून काचेचा घसा नाजूक, असे म्हणावयास हरकत नाही!

पाणी इतके शुद्ध करण्याचे मार्ग मुख्यत्वे दोन. पहिला आरओचा. पंपाच्या दाबाने पाणी अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलले जाते आणि बरेचसे क्षार अलीकडे अडतात. नळाच्या पाण्यातील क्लोरिन या पडद्यास मारक, म्हणून अगोदर कोळशाची गाळणी लावावी लागते. दुसरा मार्ग रेझिनचा. नळकांड्यात दोन जातींचे बारीक मणी असतात. एक जात कॅल्शियम-सोडियमसारखे धन कण घेऊन हायड्रोजन देते, दुसरी क्लोराइड-सल्फेटसारखे ऋण कण घेऊन हायड्रॉक्सिल देते. या दोन देण्यांचे मिळून पुन्हा पाणीच होते. मणी थकले की बदलावे लागतात. पाण्यात क्षार निम्मे असतील तर तेच मणी सुमारे दुप्पट पाणी शुद्ध करतात, हा हिशेब ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

या तरुणाने प्रथम आरओचे यंत्र घेतले. दिवसाला त्याला सुमारे तीनशे लिटर शुद्ध पाणी लागे आणि प्रत्येक लिटरमागे दोन लिटर पाणी गटारात जाई. म्हणजे नळातून नऊशे लिटर. पेडण्यास मुख्यतः चांदेलच्या केंद्रातून पाणी येते. पलीकडे सिंधुदुर्गातले तिळारीचे धरण. तिथला कालवा फुटला की इकडच्या घरांतली भांडी कोरडी पडतात. डिचोलीतही आमठाणे धरणाची पातळी उन्हाळ्यात लोकांच्या बोलण्यात असतेच. अशा एका वैशाखात शेजारची काकी रिकामी घागर काखेत घेऊन त्याच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, “अरे बाबू, आमच्या नळाला थेंब नाही आणि तुझे पाणी गटारात धावते. काचेला तहान लागते काय रे?”

तो आम्हाला म्हणाला, “त्या दिवशी मी यंत्र बंद केले. धंदा बंद करण्याचे मात्र मनात आले नाही. पोट होते ना.”

पुढे त्याने मीटरने पाणी मोजावयास आरंभ केला, तेव्हा एक साधी गोष्ट उमगली. जांभ्या दगडाच्या, भरपूर पावसाच्या मुलखातील नदीचे पाणी दख्खनच्या पठारावरील विहिरींच्या मानाने मऊ असते. कठीण पाण्याच्या प्रदेशांची रीत त्याने न तपासता उचलली होती. त्याच्या नळाच्या पाण्याला नुसते रेझिन पुरे झाले आणि त्यात एक थेंबही फुकट जाईना. विहिरीचे पाणी वापरणाऱ्याने मात्र जपावे. त्यात लोह असेल तर आधी हवा खेळवून, निवळून आणि वाळूतून गाळून घ्यावे, नाहीतर मणी तांबूस होऊन निकामी होतात. किनाऱ्यालगतच्या खारट विहिरींपुढे रेझिन फार लवकर हार खाते.

दुसरी गोष्ट त्याच्या आजीने सुचवली: पागोळीचे पाणी. पावसाचे पाणी मुळात जवळजवळ क्षारहीनच. गोव्यात वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटर छपरावर तीन लाख लिटर. त्याची टाकी दहा हजार लिटरचीच. ती महिनाभर पुरते. पण तेवढा महिना नळाला हात लागत नाही. पहिल्या सरींत छपरावरची धूळ, मीठ आणि पक्ष्यांची विष्ठा असते, म्हणून ते पाणी सोडून द्यावयाचे. पुढचे गाळून झाकलेल्या, उजेड न शिरणाऱ्या टाकीत साठवावयाचे. उजेड शिरला की शेवाळ धरते. टेंपोतली टाकी घट्ट बांधणेही तितकेच अगत्याचे. तीनशे लिटर म्हणजे तीनशे किलो. ब्रेक लावताच ते वजन पुढे झेपावते.

निघताना त्याने आम्हाला एक खेळ दाखवला. स्वच्छ काचेच्या तुकड्यावर नळाच्या, विहिरीच्या आणि पावसाच्या पाण्याचा एकेक थेंब ठेवून तो सावलीत वाळू दिला. विहिरीच्या थेंबाने पांढरे कडे सोडले, नळाच्या थेंबाने फिकट. पावसाचा थेंब कुठे होता हे शोधावे लागले. वाचकांनी आपापल्या गावी, इंदूर असो की बडोदे, हा प्रयोग मुलांना जरूर दाखवावा. आपल्या घरात कोणते पाणी येते, हे पुस्तकापेक्षा तो थेंब अधिक स्पष्ट सांगतो.

काकीचा नळ आजही उन्हाळ्यात रुसतो. एका तरुणाच्या शहाणपणाने धरण भरत नाही. परंतु आता ती त्याच्या दारात येते तेव्हा घागर भरण्यासाठी येते. त्याने अंगणाच्या बाजूला टाकीला एक तोटी काढून ठेवली आहे. ते पाणी पिण्याचे नव्हे, हे तो प्रत्येकास बजावतो. भांडी घासायला आणि धुणी धुवायला ते फार गोड लागते, असे काकी म्हणते.