झाडं रंगवणारी गोंड मंडळी

भोपाळच्या हबीबगंज स्थानकाला नोव्हेंबर २०२१पासून गोंड राणी कमलापतींचं नाव आहे. पण भोपाळमधली गोंडांची खरी ओळख चित्रांतली. पाटनगढच्या जनगढसिंह श्याम यांना १९८२मध्ये उघडलेल्या भारत भवन या कलाकेंद्रात चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी आणलं. मागोमाग नातलग आले, कुंचले धरू लागले. भज्जू श्याम, दुर्गाबाई व्याम, रामसिंह उर्वेती यांची झाडं ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ या पुस्तकात (२००६) काळ्या कागदावर उजळतात. त्यांचा साजा म्हणजे मगरीच्या पाठीसारख्या सालीचा आपला ऐन. गोंडांचा बडादेव त्यातच राहतो, म्हणून हे झाड चितारणं म्हणजे पूजाच. भोपाळला गेलात तर श्यामला हिल्सवरचं जनजातीय संग्रहालय चुकवू नका.