साठी उलटल्यावर विम्याचा आधार

साठी झाली की बुद्धी नाठी होते, असे म्हणतात. बुद्धीचे काय होते ते ज्याचे त्याला ठाऊक. पण विम्याचा हप्ता मात्र त्या वयात फारच नाठाळ होतो, असा पुष्कळ घरांतला अनुभव आहे.

समजा, जालन्यात एक निवृत्त मास्तर राहतात. बियाणे आणि लोखंड यांच्या व्यापारावर भरभराटलेले त्यांचे गाव. मुले मात्र पुण्या-मुंबईकडे. आजवर ते आरोग्यविम्याचे वर्षाला ३०,००० रुपये भरीत आले. एके दिवशी पत्र येते, ‘यंदा ४५,००० भरा.’ भरावेत तर घरखर्चाला कात्री. न भरावेत तर इतक्या वर्षांचे संरक्षण पाण्यात! मास्तरांनी करावे काय?

या धंद्यावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था म्हणजे भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरण. साठीपुढील विमेदारांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा, तर कंपनीने आधी प्राधिकरणाशी विचारविनिमय केला पाहिजे, असा आदेश तिने ३० जानेवारी २०२५ रोजी काढला. मास्तरांच्या हिशेबी ही मर्यादा ३३,००० रुपयांची. मात्र मर्यादा म्हणजे माफी नव्हे. दरसाल १० टक्के वाढ झाली, तरी पाच वर्षांत हाच हप्ता ४८,००० रुपयांच्या वर जातो!

२०२४ साली आणखी काही नियम बदलले. नवा विमा घेण्यास ६५ वर्षांची जी अट असे, ती गेली. जुन्या दुखण्यांसाठी थांबण्याची मुदत चारऐवजी जास्तीत जास्त तीन वर्षे झाली. सलग पाच वर्षे विमा चालू राहिला, तर लबाडी सिद्ध झाल्यावाचून कंपनीला ‘तुम्ही आजार लपवला’ म्हणून हात झटकता येत नाहीत. मागे पैसे घेतले, एवढ्यावरून नूतनीकरणही नाकारता येत नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील १८ टक्के करही उठला. सत्तरी गाठलेल्यांना तर उत्पन्न न पाहता आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचाराची सोय आहे. खाजगी विमा असला तरी ती मिळते.

तेव्हा वाचकहो, दोन पथ्ये पाळा. अर्ज भरताना मधुमेह, रक्तदाब काही लपवू नका; एजंट ‘लिहू नका’ म्हणाला तरीही! आणि हप्त्याची तारीख चुकवू नका, कारण खंड पडला की वर्षांची मोजणी बिघडते.

एवढे करूनही कंपनीने दाद दिली नाही, तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जा; जालन्याच्या रहिवाशाने पुण्याच्या कार्यालयाकडे. तेथे ना फी, ना वकील. मास्तरांनी जन्मभर मुलांना अर्ज कसा लिहावा ते शिकवले. आता स्वतःसाठी एक लिहायला काय हरकत आहे?